पुस्तक पाठवायचं की लपवायचं?



या महिन्यात परीक्षेच्या अभ्यासाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. मध्येच एका वाचक भगिनीचा निरोप आला आणि तिला उत्तर लवकर द्यायला हवं. तिच्या परवानगीने, नाव न देता, इथे लिहिते आहे. कारण तिचे प्रश्न आणखी दहाजणींचे असणार.

ही भगिनी चिखलीच्या बाजूला राहते. शौहर चाकण एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. मुलं झोपली आणि घरधनी रात्रपाळीला गेले की ही लिहिते. तिने एक कादंबरी लिहिली आणि स्वतःच्या बचतीतून तिच्या तीनशे प्रती छापून घेतल्या. कादंबरी भयकथा म्हणून सुरू होते. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये दोन वर्षांपूर्वी वारलेल्या ऑपरेटरच्या टोकन नंबरवर रोज रात्री हजेरी पडते. कामगार घाबरतात, कुणी लिंबू-मिरची बांधतो, कुणी आयतुल कुर्सी पढतो. शेवटी कळतं की भूतबीत काही नाही, मेलेल्या माणसाच्या नावावर ठेकेदार पगार उचलत होता. मी एका बैठकीत वाचून काढली. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, मधली वीस पानं रेंगाळतात, पण हजेरीचं यंत्र वाजतं तिथे अंगावर काटा येतो.

आता तिचा निरोप. "आपा, माझ्या कादंबरीची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली असा फोन आला. दिल्लीत कार्यक्रम आहे. नोंदणी आणि स्मृतिचिन्हाचे साडेसहा हजार भरायचे आहेत. भरू का? आणि हे घरात, मोहल्ल्यात सांगितलं तर दिखावा होईल का? शिवाय पुस्तकावर माझं खरं नाव नाही, ते चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच रात्री कळवलं: एक रुपयाही भरू नकोस. तिने ही कादंबरी कुठेच पाठवलेली नाही. न पाठवलेलं पुस्तक कोणी वाचलं, कधी वाचलं, परीक्षक कोण होते? फोन करणाऱ्याला तिने नायिकेचं नाव विचारायला हवं होतं. खऱ्या पुरस्कारात रक्कम लेखकाकडे येते. काही खासगी संस्था पुस्तक मागवताना लहानशी प्रवेश फी घेतात. ती आधी जाहीर केलेली असते, आणि ती द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण निवड झाली असं सांगून मग पैसे मागणं हा पुरस्कार नव्हे, ही शाल-श्रीफळाची विक्री आहे. या शाली आपल्या भागात अनेक दिवाणखान्यांत टांगलेल्या आहेत. शिक्षकांनाही असे फोन येतात, मला स्वतःला दोनदा आले. ज्या बाईने कागदावर ठेकेदाराची लबाडी इतकी बारीक पकडली, तिलाही फोनवरच्या गोड आवाजाने क्षणभर भुरळ घातली, यावरून कौतुकाची भूक किती खरी असते ते कळतं. त्या भुकेला मी हसणार नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खरे पुरस्कार आपल्या घरांतून याच एका संकोचामुळे हुकतात. आपल्यात मुलींना लहानपणापासून शिकवतात की आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये. शिकवण चांगलीच आहे. रियाकारीपासून अल्लाहने वाचवावं. पण सूरह यूसुफ आठवा. कैदेत असलेल्या हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांना बादशहाने बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी आपल्यावरच्या आरोपाची शहानिशा करायला लावली. मग दरबारात त्यांनी स्वतःच सांगितलं की देशाच्या कोठारांची जबाबदारी माझ्याकडे द्या, मी राखणाराही आहे आणि जाणकारही आहे. पुढे दुष्काळ येणार होता आणि काम करू शकणारा माणूस तिथे उभा होता. त्यांनी कामाला लागतील तेवढेच दोन गुण सांगितले. ना खानदान सांगितलं, ना सौंदर्य. माहिती देणं आणि मिरवणं यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे सापडेल?

इंग्रजीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची एक पद्धत आहे, ती मला या बाबतीत आवडते. त्यांच्याकडे 1953 पासून ह्यूगो नावाचा पुरस्कार दिला जातो. तो जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे पैसे भरून आलेले वाचकच, मतं देऊन ठरवतात, आणि आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेलं लेखन त्यासाठी धरलं जातं. म्हणून वर्ष संपता संपता लेखक आपल्या वाचकांना सरळ कळवतात: या वर्षी माझी ही कादंबरी आली, ही कथा आली, ही या विभागात बसते. विभागही शब्दांवर ठरलेले आहेत. 40,000 शब्द किंवा त्याहून जास्त असेल तर कादंबरी, 7,500 पेक्षा कमी असेल तर लघुकथा. यात कोणी "मी फार थोर" म्हणत नाही, फक्त नाव, तारीख, विभाग. 2015 साली हा पुरस्कार लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला. अनुवादाबद्दल आपल्याकडचा नियम वेगळा आहे, ते पुढे सांगते.

तिसरा प्रश्न नावाचा. इथे मला आपल्या पुण्यातलाच एक किस्सा सांगायचा आहे. डॉ. जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी आपल्यातून गेले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते जगाला माहीत होते, पुण्यातली 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली. पण मराठी घरांत ते पोहोचले विज्ञानकथांमुळे. त्यांची पहिली विज्ञानकथा कशी छापून आली, हे त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितलं आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणं होतं, म्हणून टिपणं काढायला दिलेल्या कागदांवर त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने 1974 साली विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती, तिथे ती पाठवायची. पण अडचण अशी की नारळीकर हे नाव तेव्हाच देशभर गाजलेलं होतं. 1965 साली, वयाची तिशीही गाठलेली नसताना, पद्मभूषण मिळालेलं. हे नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस दिलं तर गोष्ट चांगली होती की नाही, हे कधीच कळणार नाही. मग त्यांनी जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवली आणि 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. परिषदेच्या लोकांना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं, म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती गोष्ट हाताने उतरवून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगतापांना मिळालं आणि नंतर उघड झालं की जगताप कोण.

मंगलाताई स्वतः गणिताच्या मोठ्या अभ्यासक. 2023 साली त्या वारल्या. त्या कथेची पानं त्यांच्या हातची होती, हे वाचून मला उगीचच बरं वाटतं.

आमच्या भगिनीची गोष्ट या किश्शाच्या बरोबर उलटी आहे. नारळीकरांनी नाव लपवलं ते त्याचा फायदा होऊ नये म्हणून. हिने लपवलं ते तोटा होऊ नये म्हणून. मराठी भयकादंबरीवर मुस्लिम बाईचं नाव पाहून दुकानदार पुस्तक मागच्या रांगेत ठेवेल, परीक्षक उघडणारच नाहीत, आणि सासरचे म्हणतील की आपल्या घरात भुताखेतांची पुस्तकं! या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण पूर्ण खरंही म्हणणार नाही. 1990 साली पुण्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. संतसाहित्याचा हा अभ्यासक पठाण या नावानेच त्या व्यासपीठावर बसला होता. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही झालं. म्हणजे दारं अगदीच बंद नाहीत, आणि जिथे होती तिथे कुणीतरी आधीच धक्का देऊन ठेवला आहे.

टोपणनाव वापरायला कुठलीच लाज नाही. उर्दूतल्या जासूसी कादंबऱ्यांचे बादशहा इब्ने सफी यांचं खरं नाव असरार अहमद. मराठीत हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. आपल्या अब्बा-दादांच्या पिढीत एकाच घरात उशीखाली 'जासूसी दुनिया' आणि झुंजारच्या गोष्टी दोन्ही निघत, आणि दोन्ही पकडल्या गेल्या की मार एकच असे. पण भगिनींनो, अर्ज भरताना खरं नाव लागतं, बँकेच्या खात्यालाही लागतं. तेव्हा मुखपृष्ठावर जे हवं ते नाव ठेवा, अर्जात आणि घरात खरं सांगा. घरात सांगण्याचा सल्ला मी विचार करून देते आहे. ज्या गोष्टीत बाई आणि पैसा दोन्ही आहेत, ती शेजारणीकडून कळली की तिचं वेगळंच काहीतरी होतं.

"पण आपा, रहस्यकथेला कुठे बक्षीस मिळतं?" असंही तिने विचारलं होतं. हा समज खोल रुजलेला आहे आणि त्याला कारणही आहे. अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर यांची पुस्तकं वाचनालयांत फाटेपर्यंत वाचली गेली, समीक्षकांनी मात्र त्यांना बराच काळ अंगणातच उभं ठेवलं. नारळीकरांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 2014 साली, 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. विज्ञानकथेच्या पुस्तकाला नव्हे. तरी वारा बदलतो आहे. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या विज्ञानकथाकारालाच दिलं गेलं. आणि 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मराठीत मिळाला भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला. शीर्षकातच भूतबंगला! माझ्या वर्गात मी हे सांगितलं तर मागच्या बाकावरून टाळ्या आल्या. त्याच वर्षी युवा पुरस्कार मिळाला तो तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला. ती भयकथा नाही, शिंप्याच्या आयुष्याची गोष्ट आहे. पण लेखकाने स्वतः शिवणकाम केलेलं आहे, रखवालदाराची नोकरीही केलेली आहे. चाकणच्या गेटवर बारा तास उभ्या राहणाऱ्या आपल्या भाऊ-भाच्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता नियम. इथे जरा लक्ष द्या, कारण पुस्तक चांगलं की वाईट हे नंतर येतं, पुस्तक पात्र आहे का हे आधी येतं, आणि बरीच पुस्तकं इथेच गळतात.

आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे महाराष्ट्र शासनाचा यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ त्याची प्रक्रिया पाहतं. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेली पुस्तकं त्या वर्षासाठी धरली जातात आणि साधारण डिसेंबर-जानेवारीत आवाहन निघतं. लेखक स्वतः पाठवू शकतो किंवा प्रकाशक. अर्जासोबत पुस्तकाच्या दोन प्रती लागतात. गेल्या काही वर्षांच्या आवाहनांनुसार मुंबईबाहेरच्या लोकांना ते जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतं, म्हणजे आपल्याला मुंबई गाठायची गरज नाही. रहस्यकथा किंवा भयकथा असा वेगळा विभाग नाही, त्यामुळे अशी कादंबरी सरळ 'कादंबरी' विभागात जाते आणि तिथे तिला गंभीर कादंबऱ्यांशी टक्कर द्यावी लागते. पण नव्या लेखकांसाठी प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. त्यातल्या कादंबरीच्या पुरस्काराला श्री. ना. पेंडसे यांचं नाव आहे. आमच्या भगिनीचं हे पहिलंच पुस्तक, तेव्हा तिची जागा तिथे.

साहित्य अकादमीचं गणित वेगळं. तिचा मुख्य पुरस्कार 24 भाषांत, प्रत्येकी एक लाख रुपयांचा. पुरस्काराच्या वर्षाआधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्याच्या मागची पाच वर्षं धरायची. 2024 च्या पुरस्कारासाठी 2018 ते 2022 या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं पात्र होती. या हिशेबाने 2025 मध्ये आलेलं पुस्तक 2027 पासून 2031 पर्यंतच्या पुरस्कारांसाठी धरलं जाऊ शकतं. म्हणून पहिल्या वर्षी काही झालं नाही तर पुस्तक बुडालं असं समजू नका. अनुवाद, संकलन, संक्षेप आणि विद्यापीठाचा प्रबंध या पुरस्काराला चालत नाहीत. अनुवादासाठी अकादमीचा स्वतंत्र पुरस्कार आहे. आपल्या घरांत उर्दू आणि मराठी दोन्ही येणारी माणसं किती आहेत, हे पाहता या पुरस्काराकडे आपलं लक्ष अधिक असायला हवं. अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी वयाची अट आहे: पुरस्काराच्या वर्षी 1 जानेवारीला वय 35 किंवा त्याहून कमी. यासाठी पुस्तकं मागवली जातात, रक्कम 50,000 रुपये. उर्दूत लिहिणाऱ्यांनी महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमीच्या वार्षिक आवाहनाकडे नजर ठेवावी. पनवेलला जन्मलेले आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत शिकवणारे सलाम बिन रज्जाक यांना 2004 साली उर्दू कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, हे शिक्षकी पेशातल्या माझ्या बहिणींना जाता जाता सांगते.

या सगळ्या अटी एका पानावर येऊन ठेपतात. मुखपृष्ठ उलटलं की मागे जे पान असतं, ज्यावर हक्क, प्रकाशक, मुद्रक, किंमत असते, ते पान. तिथे 'पहिली आवृत्ती' आणि वर्ष स्वच्छ छापलेलं हवं. आपल्याकडे गल्लीतल्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांवर दुआ असते, आभार असतात, आठ नातेवाइकांची नावं असतात, पण वर्ष नसतं. काही जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने पुस्तक काढतात. चार दिवसांत ते वर्ष संपतं आणि अर्जाची धावपळ उरते. त्यापेक्षा जानेवारीचा दुसरा आठवडा बरा, म्हणजे वर्षभर वेळ मिळतो. आयएसबीएन क्रमांकासाठीही काही दलाल पैसे घेतात. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी मोफत देते आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. दरवर्षी तपशील थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीचं नियमपत्रक स्वतः वाचा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझ्याही नाही.

भगिनीला मी तिच्या पुस्तकाचं ते पान पाहायला सांगितलं. वर्ष आहे, अल्हम्दुलिल्लाह, 2025 आहे. पण 'पहिली आवृत्ती' हे शब्द नाहीत आणि मुद्रकाचा पत्ता अर्धाच आहे. तिने शौहरला सगळं सांगितलं. साडेसहा हजारांचा फोन ऐकून तो आधी चिडला, मग पुस्तक मागून घेतलं आणि रात्रपाळीला जाताना डब्याच्या पिशवीत टाकलं. सकाळी परत आला तो म्हणाला, प्रेस शॉपमध्ये हूटर असा वाजत नाही, ते वाक्य दुरुस्त कर. दुसऱ्या आवृत्तीत करीन असं ती म्हणाली आहे. येत्या रविवारी दोघं मिळून छापखान्यात जाणार आहेत, पहिल्या आवृत्तीचा लेखी दाखला आणायला. अर्जासाठीच्या दोन प्रती तिने कपाटात वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, मुलांचे हात लागू नयेत म्हणून जुन्या ओढणीत गुंडाळून.